नकाराची लहर

राज्याभिषेकाला आठवडा उरला होता, आणि कौलघराच्या दारावर कुणा हौशी माणसाने फलक लावला होता, ‘तुमच्यात राजा किती? या, मोजून घ्या!’ खाली झेंडूचं तोरण, बाजूला सनई वाजवणारा स्पीकर आणि पुढे ही भली मोठी रांग. दर्यामाचीवर, म्हणजे आमच्या या तरंगत्या नगरात, फुकट काही मिळतंय म्हटल्यावर माणसं वादळातसुद्धा रांग लावतात, मग उत्सवात काय विचारता.

मी आत टोप्या चढवत होते. तेच माझं काम. कौल हे आमचं यंत्र म्हणजे एक रबरी टोपी, तिच्या आत बोटाच्या पेराएवढे संवेदक आणि समोर पडदा. केस बाजूला सारायचे, जेल लावायचं, टोपी बसवायची आणि पडद्यावर मेंदूतल्या लहरी नीट उमटतायत ना ते बघायचं. एरवी ही टोपी फक्त अकरा वर्षांच्या मुलांना घालत, कारण तिच्यातूनच आमच्या गादीचा वारस निवडला जाई. गुण थेट प्रधानमंडळाकडे जात. आम्हा टोपीवाल्यांना लहरी दिसत, गुण कधीच दिसत नसत. पण उत्सवाच्या भरात मंडळाने उदार होऊन पहिल्यांदाच गुणांचा आकडा सगळ्यांना दिसेल असा मोठ्या पडद्यावर लावला होता. स्वतःच्या हुशारीवर माणसाने एवढा विश्वास ठेवू नये.

मच्छीबाजाराच्या भांडणात अख्ख्या मंडळाला घाम फोडणारी फुलवंती तांडेल टोपी घालून बसली. तिला शंभरात नऊ. रांग खो खो हसली. फुलवंतीही हसली, म्हणाली, "मेलं, मला कुठे राणी व्हायचंय!" लोकांनी आग्रह केला म्हणून मीही बसले. मला सात. माझं तोंड सगळ्या माचीला माहीत आहे, तेव्हा असल्या भांडखोर बाईत राणी कुठली, म्हणून लोक त्यालाही हसले.

मग नाना सारंग आले. नाना आमच्या कौलघराचं उपाहारगृह चालवतात आणि त्यांना सगळे होनाना म्हणतात. कारण या माणसाने जन्मात कुणाला नाही म्हटलेलं नाही. एकाने म्हणावं, नाना, चहा फार गोड झालाय. नाना म्हणतात, होय होय. त्याच किटलीतला चहा पिऊन दुसऱ्याने म्हणावं, नाना, साखर विसरलात. नाना म्हणतात, होय होय. बायकोने हो म्हणायला लावून त्यांना तीनदा घर बदलायला लावलं, आणि तिन्ही वेळा ते सामान डोक्यावर घेऊन हसत निघाले.

नानांना शहाण्णव मिळाले.

"नाना, गादी तुमचीच!" कुणीतरी ओरडलं. शिट्ट्या वाजल्या.

"होय, होय," नाना टोपीतून डोकं सोडवत म्हणाले. "तुमी म्हणतास ता खरा."

मीही हसत होते. हसता हसता माझी नजर लहरींच्या छोट्या पडद्यावर गेली आणि हसू तिथेच विरलं. नानांची रेघ दुपारच्या खाडीसारखी सपाट होती. अशी सपाट रेघ मी याआधी एकदाच पाहिली होती. सात वर्षांपूर्वी, माझ्या निरूच्या डोक्यावर टोपी होती तेव्हा.

निरू म्हणजे नीरजा, माझी मुलगी. येत्या सोमवारी तिचाच राज्याभिषेक होता.

*

लहरीचं आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आपल्याला जे वाटतं त्याच्या उलट कुणी मोठ्या माणसाने सांगितलं की आपल्या मेंदूत, कपाळाच्या मधोमध थोडं आत, एक लहर खाली झेपावते. आपण विचार करायच्याही आधी. ‘मला वाटतं ते आणि हे सांगतात ते जुळत नाही’ एवढंच ती सांगत असते. ही लहर सगळ्यांना येते आणि ती शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून माहीत आहे. माझा धाकटा भाऊ मुकुल याने त्यापुढचं शोधलं. काहींची लहर समोरच्यांचे डोळे वटारलेले दिसले की एकदाच थरथरून विझते. काहींची पुन्हा पुन्हा उसळते, तोंड उघडेपर्यंत थांबत नाही. मुकुलने दाखवून दिलं की अकराव्या वर्षी ही लहर किती मोठी आहे आणि किती टिकते ते मोजलं, तर चाळिसाव्या वर्षी हा माणूस भरल्या सभेत उठून नाही म्हणेल की नाही, ते बरंचसं सांगता येतं. आम्ही तिला नकाराची लहर म्हणायला लागलो. मुकुलला देशोदेशीची बोलावणी आली.

कौलाची परीक्षा साधी. मुलाला एका भांडणाची गोष्ट सांगायची आणि निवाडा विचारायचा. मूल निवाडा देतं. मग कानातून पाच मोठ्या माणसांचे आवाज येतात, एकामागून एक, "बाळ, तुझं चुकतंय." तेव्हा लहर काय करते ते मोजायचं. ते पाच आवाज कौलघरातल्याच माणसांचे ध्वनिमुद्रित केलेले होते. त्यांतला बाईचा एकच, तो माझा. माझा आवाज ठाम आहे म्हणून मुकुलनेच निवडला होता.

आता राजा निवडायला नकार कशाला मोजायचा, असं कुणी विचारेल. त्यासाठी आमची गादी कशी चालते ते सांगितलं पाहिजे.

समुद्र वर चढला आणि खाडीकाठची गावं गेली, तेव्हा त्या गावांची माणसं या तरंगत्या नगरात आली. एका गावचा सरपंच दुसऱ्या गावाला चालेना. पाण्याच्या टाकीवरून डोकी फुटली. शेवटी सगळ्यांना चालेल असं एकच माणूस सापडलं : सुलभाताई आक्का, हायस्कूलच्या मुख्याध्यापिका. सगळ्या गावांच्या पोरांनी त्यांच्या हातची छडी खाल्ली होती. सगळे पक्ष त्यांना भीत आणि त्या कुठल्याच पक्षाच्या नव्हत्या. राजा लागतो तो एवढ्यासाठीच, भांडणाऱ्यांच्या वर बसलेलं एक माणूस म्हणून. दिल्लीकडून विशेष सनद मिळाली, आक्कांची शाळेतली लाकडी खुर्ची हीच गादी झाली आणि आक्का आक्कासाहेब झाल्या.

सनदेने राणीला कारभार दिलाच नाही. कारभार निवडून आलेल्या आठ प्रधानांचा. राणीने तीनच गोष्टी करायच्या. प्रजेचं ऐकायचं, ठराव पटला नाही तर मंडळाला एकदा पुन्हा विचार करायला सांगायचं, आणि तरीही पटला नाही तर सही नाकारायची. सही नाकारली की मंडळ पडतं आणि लोक पुन्हा मत देतात. म्हणजे राणीच्या हातात खरी ताकद एकच, नाही म्हणण्याची. ती वापरायची वेळ येऊ नये, पण ती आहे हे आठही जणांना रोज आठवावं, यावर आमचं सगळं राज्य उभं होतं.

आक्कासाहेबांना मूल नव्हतं. रक्तावर गादी द्यायची नाही, हे तर पहिल्या दिवशीच ठरलं होतं. राजाचं पोर शहाणं निघेल याची हमी कुणी द्यावी? तेव्हा मुकुल म्हणाला, कौल लावू. यंत्र लायक मूल शोधेल आणि राणी ते दत्तक घेईल. देवळात फुलं चिकटवून कौल लावणारी आम्ही माणसं, आम्हाला ते लगेच पटलं. मुकुलने सगळ्यांना समजावलं, "राजाला नाही म्हणता आलं पाहिजे. ज्याची लहर जोमदार, त्याला गुण जास्त." मीही तेच धरून चालले होते.

निरूच्या वेळी रेघ सपाट दिसली तेव्हा मी घाबरून त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "उथळ पाण्याला खळखळाट फार, ताई. हिची लहर आत खोल आहे, तुला पडद्यावर दिसणार नाही. हजारांत एक पोर आहे तुझी." आईला काय, एवढं पुरतं. निरूचे बाबा ती चार वर्षांची असतानाच कुठल्याशा बंदरात दुसरा संसार थाटून बसले होते. माझी एकटीची पोर राणी होणार, या आनंदात मी आंधळी झाले.

दत्तकविधानाच्या दिवशी मुकुलने तिला विचारलं, "जायचं ना?" तिने आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ती म्हणाली, "हो." मग माझ्या हातावरून पाणी सोडलं, मी म्हटलं, "दिली," आणि आक्कासाहेबांनी तिला मांडीवर घेतलं. त्यांनी माझी ओटी भरली. त्या नारळाच्या मी वड्या केल्या आणि सगळ्या माचीला वाटल्या. त्या दिवसापासून सनदेप्रमाणे मी तिची कुणी नाही. तिला तू म्हणायचं नाही, नावाने हाक मारायची नाही. मी मेले तर तिने सुतकही धरायचं नाही.

गेल्या महिन्यात आक्कासाहेब गेल्या. आता निरू अठरा वर्षांची आहे, आणि अभिषेकानंतरच्या पहिल्याच दरबारात तिच्यासमोर सहीला येणार होता स्थैर्य ठराव. प्रधानांनी तहहयात प्रधान राहायचं, आपल्यामागून कोण ते आपणच नेमायचं, आणि राणीने सही नाकारली तरी मंडळ पडायचं नाही. आम्ही सगळे निर्धास्त होतो. सगळ्यात जास्त गुण मिळवलेली राणी असला ठराव पाहिला की फेकून देईल, असं फुलवंतीसुद्धा म्हणत होती.

आणि नानांना शहाण्णव मिळाले होते.

*

मुकुलची कचेरी उत्तरमाचीच्या टोकाला, खाली नांगराच्या साखळ्या पाण्यात उतरतात तिथे आहे. तो सज्जात बसून पोहे खात होता. मंडळाच्या आठ जणांत तोही एक, सचिव.

"नानांना शहाण्णव कसे मिळाले रे?" मी दारातूनच विचारलं.

तो हसला नाही. बशी खाली ठेवली. "आकडा लावू नका असं मी बजावलं होतं मंडळाला. कुणी ऐकत नाही."

"म्हणजे खरं आहे."

"काय खरं आहे, ताई?"

"लहर जितकी मेलेली, तितके गुण जास्त. पट्टी उलटी लावलीस तू. लोकांना सांगितलंस नाही म्हणणारं पोर निवडतोय, आणि निवडलंस नाही न म्हणणारं."

मला वाटलं होतं तो चिडेल, नाकारेल, यंत्रात बिघाड आहे म्हणेल. मी मनातून तीच आशा धरून आले होते. पण तो शांतपणे म्हणाला, "बस. पोहे खाणार?"

"पोहे घाल चुलीत!"

"आक्कासाहेब थोर होत्या असं सगळे सांगतात," तो म्हणाला. "दक्षिणमाची कशी गेली ते कुणी सांगतं का? मंडळ म्हणत होतं, ती जुनी झालीय, लोकांना हलवा, जबरदस्ती झाली तरी चालेल. लोक रडत गेले आक्कांकडे. आक्का नाही म्हणाल्या. मंडळ पडलं, निवडणूक लागली, आणि हुकूम द्यायला कुणीच नसताना वादळ आलं. एकोणीस माणसं गेली, ताई. त्यात आपले बाबा. एका बाईच्या एका नकाराने."

"तिने लोकांचं ऐकलं होतं. वादळ काय तिला विचारून आलं?"

"तेच म्हणतोय मी. वादळ विचारून येत नाही. म्हणून वर कुणी नाही म्हणणारं नको."

"मग राणीच कशाला ठेवलीत? मोडून टाकायची होती गादी!"

"लोकांना राणी लागते," तो म्हणाला, लहान मुलाला समजवावं तसं. "दर गुरुवारी तिच्यापुढे जाऊन रडता आलं पाहिजे. वर कुणीतरी आहे आणि ते आपलं ऐकतंय, असं वाटलं पाहिजे. ते वाटणं म्हणजेच राज्य, ताई. बाकीचं आम्ही आठ जण करतोच की."

"आणि त्यासाठी माझीच पोर सापडली तुला?"

"सगळ्यात संथ रेघ तिची होती." त्याने खाली साखळ्यांकडे पाहिलं. "आणि दुसऱ्या कुणाची पोर घेतली असती तर ती फसवणूक झाली असती. मी आपल्या घरातली दिली."

"तू दिलीस?" माझा आवाज खाली साखळ्यांपर्यंत गेला असेल. "पाणी माझ्या हातावरून सोडलं होतं, मुकुल!"

लहानपणी याला विंचू चावला तेव्हा मी पाठुंगळीला घेऊन दवाखान्यात पळत नेलं होतं. माझे ते पाय मोडले असते तर बरं झालं असतं, असं त्या वेळी माझ्या मनात आलं, आणि आलं ते आलं. मी त्याला ते बोलूनही दाखवलं. मी निघाले तेव्हा तो पुन्हा पोह्यांची बशी हातात घेत होता.

*

आईला मुलीला भेटायची बंदी होती, पण प्रजेला राणीला भेटायची नव्हती. गुरुवारचा दरबार कुणालाही खुला. अर्जदाराने सभागृहाच्या मधोमध वर आलेल्या नांगराच्या साखळीवर हात ठेवायचा आणि बोलायचं. त्या साखळीने आम्हा सगळ्यांना धरून ठेवलेलं असतं, तिच्यावर हात ठेवून कुणी खोटं बोलत नाही.

सोमवारी अभिषेक झाला, आणि गुरुवारी निरू आक्कासाहेबांच्या शाळेच्या खुर्चीवर बसली होती. पाय जमिनीला जेमतेम टेकत होते. शेजारी मेजावर ठराव आणि पेन. उजव्या हाताला आठ प्रधान, त्यांत मुकुल. सभागृह गच्च भरलं होतं.

"राणीसरकार," मी म्हटलं. पोटच्या पोरीला सरकार म्हणायची सात वर्षांत सवय होते. "अर्ज एवढाच आहे की त्या ठरावावर सही करू नये." आणि मग मी सगळं सांगितलं. उलटी लावलेली पट्टी, नानांचे शहाण्णव, फुलवंतीचे नऊ, आणि माझा सख्खा भाऊ माझ्या तोंडावर काय म्हणाला तेही. "सरकारांना निवडलं ते सरकारांनी मान हलवावी म्हणून. सगळ्यांना फसवलंय. सरकारांना सगळ्यात जास्त. आज एकदा नाही म्हणावं. मंडळ पडेल, लोक मत देतील, सगळं सुटेल. एवढा एक शब्द."

सभागृहात गलका झाला. फुलवंती मागून ओरडली, "नाही म्हणा, सरकार!" चोपदाराने काठी आपटली. मुकुल समोर बघत होता. मी फक्त निरूकडे बघत होते.

"अर्जदार," निरू म्हणाली. तिचा आवाज माझ्यासारखाच ठाम आहे, हे मला त्या दिवशी कळलं. "आपण सांगता त्यातलं मला काही नवीन नाही. आक्कासाहेबांनी जाण्यापूर्वी मला माझी लहर दाखवली होती. त्यांना सगळं ठाऊक होतं."

माझा हात साखळीवरून निसटला.

"परीक्षेत पाच आवाज होते," ती पुढे म्हणाली. "चार पुरुषांचे. ते म्हणाले, तुझं चुकतंय. तेव्हा माझी लहर चांगली उसळली होती. रेघेवर दिसतं ते. मग पाचवा आवाज आला आणि ती विझली ती विझलीच. पाचवा आवाज कुणाचा होता?"

मला तिच्या परीक्षेतली रेघ आठवली. मी शेवट तेवढा पाहिला होता. सुरुवातीला मी टोपीच्या तारांत अडकलेल्या तिच्या वेण्या सोडवून बाजूला ठेवत होते.

"माझा," मी म्हटलं.

"आई म्हणते चुकतंय म्हणजे चुकतच असणार, एवढंच मला अकराव्या वर्षी कळत होतं. दत्तकाच्या दिवशी मला विचारलं, जायचं ना? मला जायचं नव्हतं. मी आपल्याकडे पाहिलं. आपण मान हलवलीत."

"निरू, मला वाटलं..."

काठी आपटली. तिला नावाने हाक मारली होती मी. निरूने हात वर करून चोपदाराला थांबवलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

"मामासाहेब म्हणतात, हो म्हण. आपण म्हणता, नाही म्हण. दोघांनाही मी ऐकणारी हवी आहे. आज मी आपलं ऐकून नाही म्हटलं, तर ती सही नाकारणं माझं नसेल. तो पाचवा आवाजच पुन्हा बोलेल." तिने ठराव पुढे ओढला. "हा ठराव मला पटला की नाही, ते मी आपल्याला सांगणार नाही, मंडळालाही सांगणार नाही. राजाने कारण द्यायचं नसतं. आपला अर्ज मी ऐकला. नाही. नामंजूर."

आणि तिने सही केली.

भरल्या सभेत, सगळ्या डोळ्यांसमोर, जिच्यापुढे तिची लहर विझत होती त्या बाईच्या तोंडावर माझी मुलगी नाही म्हणाली. ज्या एका शब्दासाठी मी तिथे आले होते तो तिने मला मारला. आणि शाई वाळली तेव्हा सनद बदललेली होती. यापुढे राणीने काहीही नाकारलं तरी कुणाचं काही पडणार नव्हतं. तिचं पहिलं नाही तेच शेवटचं, आणि ते माझ्या वाट्याला आलं.

मला रडू आलं नाही. राग आला. भावाचा आला, मेलेल्या आक्कासाहेबांचा आला, त्या खुर्चीवर ताठ बसलेल्या पोरीचा आला. मी तिला कारण मागत होते, आणि कारण न देण्याइतकी मोठी ती माझ्याच हाताने झाली होती.

आमच्या दरबारातून कुणाला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. अर्ज नामंजूर झाला की अर्जदाराला नारळ देतात. चोपदाराने तो माझ्या हातावर ठेवला.

बाहेर जिन्यात मुकुल मागून धावत आला.

"ताई, तू पाहिलंस? ती तुझ्यासमोर नाही म्हणाली." तो घाबरलेला होता. "असं व्हायला नको होतं. म्हणजे कौल चुकला. शेवटची रेघ मी धरली, आणि ती तुझ्या आवाजाची होती. यंत्राने तुझा धाक मोजला."

"तुला सही हवी होती ना? मिळाली."

"पण तिने ती का केली, ताई? माझ्या सांगण्यावरून नाही केली तिने. मग का केली?"

"आता कुणाला विचारशील?" मी म्हटलं. "तिला राणी करून विचारायची सोय तूच मोडलीस."

तो जिन्यातच बसला. लहानपणी हट्ट करून बसायचा तसा. मी त्याला उठवलं नाही.

*

कौलघरात उत्सवाचं तोरण अजून तसंच होतं, झेंडू काळवंडले होते. नाना टेबलं पुसत होते. मी नारळ टेबलावर ठेवला आणि बसले. त्यांनी न विचारता चहा आणला.

"काय झाला, बाय? पोरीन ऐकल्यान?"

"नाही म्हणाली."

नानांचा फडका थांबला. "कोणाक?"

"मला."

ते खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. गिऱ्हाइकासमोर बसलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"असा म्हणूक येता तिका?"

"येतं," मी म्हटलं. "येतच होतं. पहिल्या चार आवाजांना ती म्हणालीच होती. मी तिच्या वेण्या सोडवत होते, मी बघितलं नाही."

नानांनी नारळ उचलून कानाशी हलवला. आत पाणी खळखळलं. ताजा होता.

"फोडू?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणाले. घरी नेऊन त्याचं वाटण करेन, बांगड्याच्या तिखल्यात घालेन, एकटीच जेवेन. वड्या करायच्या नाहीत, कुणाला वाटायच्या नाहीत. एवढं तरी माझं मी ठरवणार होते.

"नाना," मी उठताना विचारलं, "आता आठ जण मरेपर्यंत तिथेच बसणार. आपल्याला कुणी विचारणार नाही. तुम्हाला राग नाही येत?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या कपाळाच्या मधोमध एक आठी पडली, थोडा वेळ टिकली. ओठ हलले.

मग त्यांनी फडका उचलला.

"होय, बाय," ते म्हणाले. "होय, होय."